खाते कोणते होते? : गिरणगावातील बिसिनोसिस आणि त्याचे संशोधन

गिरणीत कामगाराला इजा झाली असे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक विशिष्ट चित्र उभे राहते. पट्ट्यात हात सापडला, दोन बोटे गेली, किंवा धोटा मागावरून उडून डोळ्यावर बसला. अशा इजेला तारीख असते, पाळी असते, साक्षीदार असतात. कारकून ती वहीत लिहितो, डॉक्टर दाखला देतो आणि भरपाई कमी मिळो की जास्त, इजा झाली हे कोणी नाकारत नाही. परंतु शरीराच्या अवयवांना होणारी दुसऱ्या प्रकारची एक इजा आहे. तिला तारीख नसते. ती वीस-पंचवीस वर्षे रोज थोडी थोडी होत राहते, रक्त सांडत नाही, आणि ज्या दिवशी ती लक्षात येते त्या दिवशी कामगार बहुधा निवृत्त झालेला असतो. कापसाच्या धुळीने फुप्फुसांना होणारी इजा या प्रकारची आहे. वैद्यकशास्त्रात तिला बिसिनोसिस म्हणतात. लालबाग, परळ, नायगाव, शिवडी, डिलाइल रोड या परिसरात शंभराहून अधिक वर्षे ती इजा होत होती, आणि तिचे शास्त्रीय संशोधनही परळमध्येच झाले. हे संशोधन आपल्या समाजाने समजून घ्यावे असे मला वाटते, कारण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न जितका वैद्यकाचा आहे तितकाच इतिहासाचाही आहे.

प्रथम गिरणीची रचना ध्यानात घ्यावी लागेल. आजच्या विद्यार्थ्याला गिरणी म्हणजे लोअर परळच्या मॉलशेजारी उरलेली एक उंच चिमणी, एवढेच ठाऊक असते. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला मुंबईतील पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला आणि दोन वर्षांत ती सुरू झाली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या प्रत्येक गिरणीत कापसाचा प्रवास जवळपास एकच होता. दाबून बांधलेल्या गासड्या फोडायच्या; ब्लो रूममध्ये कापूस झोडपून, पिंजून त्यातील माती, कचरा, पानांचे तुकडे वेगळे काढायचे; कार्डिंग खात्यात तारांच्या दातेरी रुळांवरून तो विंचरून तंतू सरळ करायचे; पुढे पेळू, मग रिंग खात्यात सूत, मग वाइंडिंग, आणि शेवटी विणाई. विणाईच्या खात्याला कामगार साचाखाते म्हणत. कापूस जसजसा पुढे सरकतो तसतसा तो स्वच्छ होत जातो. म्हणजेच त्यातील घाण मागच्या खात्यांच्या हवेत राहते. ब्लो रूम आणि कार्डिंग ही सर्वांत धुळकट खाती, रिंग त्यानंतरचे, आणि विणाई या धुळीपुरती बरीच सुसह्य. साच्यांच्या गोंगाटाने विणकरांचे कान जात, ही गोष्ट वेगळी आणि तीही गंभीर आहे. येथे आपण फक्त छातीचा विचार करीत आहोत.

या धुळीची बाधा होते हे जगाला फार पूर्वीपासून माहीत आहे. व्यवसायजन्य आजारांवर पहिला व्यवस्थित ग्रंथ लिहिणारे इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभीच जवस आणि तागासारख्या तंतूंच्या विंचरणाऱ्यांचा खोकला व धाप नोंदविली होती. १८३१ मध्ये मँचेस्टरच्या जेम्स के या डॉक्टरने सूतगिरणीतील कामगारांच्या छातीच्या विकाराचे वर्णन केले. १८७७ साली फ्रान्समधील आद्रियाँ प्रूस्त यांनी त्याला बिसिनोसिस हे नाव दिले. तलम वस्त्राला ग्रीक भाषेत ‘बिसोस’ म्हणत, त्यावरून हे नाव आले. ज्या वस्त्राने श्रीमंताचे अंग सजले त्याच वस्त्राचे नाव कामगाराच्या आजाराला मिळाले, हा योगायोग मला नेहमी अस्वस्थ करतो.

आजाराला नाव मिळाले, पण त्याची ओळख पटविण्याची रीत मिळायला आणखी पाऊणशे वर्षे लागली. १९५० च्या दशकात इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात रिचर्ड शिलिंग यांनी सूतगिरण्यांतील कामगारांचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. साधा दमा असेल तर धाप कोणत्याही दिवशी लागते. या कामगारांची छाती मात्र आठवड्याच्या सुटीनंतर कामावर येण्याच्या पहिल्या दिवशी आवळल्यासारखी होत असे. काम सुरू झाल्यावर काही तासांनी छातीवर दडपण येई, खोकला येई, श्वास अपुरा पडे. दुसऱ्या दिवशी तेच काम करूनही त्रास कमी, तिसऱ्या दिवशी आणखी कमी. पुन्हा सुटी, पुन्हा तोच पहिला दिवस. शिलिंग यांनी यावरून आजाराच्या पायऱ्या ठरविल्या. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी अधूनमधून छाती आवळते ती अर्धी पायरी. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी आवळते ती पहिली. पहिल्या दिवसाबरोबर इतर दिवशीही त्रास होऊ लागला की दुसरी. आणि या त्रासाबरोबर श्वसनाची क्षमता कायमची घटली की तिसरी. जगभरच्या संशोधकांनी पुढे हीच मोजपट्टी वापरली.

शरीरात नेमके काय घडते? पूर्वी असे समजत की कापसाचे तंतू फुप्फुसात जाऊन अडकतात. आपल्याकडे अजूनही ‘छातीत कापूस बसला’ असे म्हणतात. वस्तुतः दिसणारा मोठा तंतू नाकात-घशात अडतो आणि खोकल्यावाटे बाहेर पडतो. इजा करते ती डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म धूळ. तिच्यात कापसाच्या बोंडाभोवतीच्या वाळलेल्या पानांचे कण असतात आणि त्यांवर वाढलेले जिवाणू असतात. यांपैकी ग्रॅम-निगेटिव्ह नावाच्या जिवाणूंच्या बाह्य आवरणात एंडोटॉक्सिन हे विषारी द्रव्य असते. जिवाणू मेला तरी ते टिकून राहते. हे द्रव्य श्वासनलिकांच्या सूक्ष्म शाखांपर्यंत पोहोचले की तेथील संरक्षक पेशी जाग्या होतात, रक्तातील पांढऱ्या पेशींना बोलावतात आणि दाह सुरू होतो. अस्तर सुजते, नलिकांभोवतीचे स्नायू आकसतात, कफ वाढतो. वाट अरुंद झाल्यामुळे हवा आत जाते पण सहज बाहेर पडत नाही.

सुरुवातीच्या वर्षांत हा बदल तात्पुरता असतो. धुळीपासून दूर गेल्यावर ऊती पूर्ववत होतात. पण तीच ऊती आठवड्यातून सहा दिवस, वर्षानुवर्षे सुजत आणि निवळत राहिली तर ती एका टप्प्यावर पूर्ववत होणे सोडून देते. कफ निर्माण करणाऱ्या ग्रंथी आकाराने वाढतात, नलिकांच्या भिंती जाड होतात आणि अरुंद झालेली वाट अरुंदच राहते. तात्पुरत्या इजेचे कायमच्या इजेत रूपांतर नेमके कधी झाले हे कामगाराला कळत नाही. एवढेच कळते की पूर्वी चाळीचे तीन जिने एका दमात चढत होतो, आता पहिल्याच जिन्यावर कठडा धरावा लागतो.

बिसिनोसिसचे सर्वांत मोठे दुखणे पुढेच आहे. दगडाच्या धुळीने सिलिकोसिस झाला तर एक्स-रेत ठिपके दिसतात. क्षय झाला तर थुंकीत जंतू सापडतात. बिसिनोसिसची अशी स्वतःची एकही खूण एक्स-रेत उमटत नाही. शेवटच्या पायरीवर पोहोचलेल्या कामगाराची फुप्फुसे आणि आयुष्यभर बिडी ओढलेल्या माणसाची फुप्फुसे यांतला फरक केवळ चित्रावरून सांगता येत नाही. मग निदान कशावरून करायचे? कामगाराच्या सांगण्यावरून. कोणत्या गिरणीत होता, कोणत्या खात्यात होता, किती वर्षे होता, आणि सुटीनंतर कामावर गेल्यावर छाती आवळत होती का? त्याला जोड म्हणून पाळीच्या आधी आणि पाळी संपल्यावर स्पायरोमीटरमध्ये फुंकर मारायला लावून पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजायचे. डॉक्टर मंडळी रुग्णाच्या या चौकशीला ‘हिस्टरी घेणे’ म्हणतात. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या शब्दाचे अप्रूप आहे. या आजारात इतिहास हाच पुरावा आहे. तो विचारला नाही तर आजारच अस्तित्वात राहत नाही.

आणि तो बहुधा विचारला जात नसे. माझे एक मामा एकोणतीस वर्षे कार्डिंग खात्यात होते. एका दवाखान्यात मी स्वतः त्यांना घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी बिडी ओढता का, असे विचारले. मामा ‘कधीमधी’ म्हणाले. केसपेपरवर बिडी लिहिली गेली. गिरणी लिहिली गेली नाही. असे प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी घडले असतील. बिडीने फुप्फुसे बिघडतात यात शंका नाही. धूळ आणि तंबाखू एकत्र आले की इजा अधिकच वाढते. पण बिडी हे उत्तर सोयीचे आहे. त्यात दोष फक्त कामगाराकडे जातो.

सोय केवळ दवाखान्यातील नव्हती. भारतात बिसिनोसिस होतच नाही, असे मत दीर्घकाळ रूढ होते. आपल्या चाळींत क्षय इतका होता की खोकणारा प्रत्येक कामगार क्षयाचा समजला जाई आणि त्याची वाट शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयाकडे वळे. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. गिरणीत जाऊन केलेल्या पाहणीत हजेरीपटावर असलेल्यांचीच तपासणी होते. ज्याची छाती खरोखर गेली तो कामावर नसतोच. मुंबईचा गिरणी कामगार आजारी पडला की कोकणात किंवा घाटावर आपल्या गावी जाई. त्याच्या जागी बदली कामगार उभा राही. गावी गेलेला माणूस आकडेवारीतूनही गेला. उरलेल्या धडधाकट माणसांना मोजून आजार नाही असे म्हणणे म्हणजे जत्रा पांगल्यावर गर्दी मोजण्यासारखे आहे.

हे मत खोडून काढणाऱ्या भारतीय अभ्यासकांत परळच्या के. ई. एम. रुग्णालयाचे छातीविकारतज्ज्ञ डॉ. एस. आर. कामत यांचे नाव अग्रभागी आहे. के. ई. एम. आणि त्याला जोडलेले सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय यांचा जन्मच एका अर्थाने स्वाभिमानातून झाला. महाविद्यालयातील जागा भारतीय डॉक्टरांनाच मिळाव्यात, अशी अट देणगीदारांच्या विश्वस्तांनी घातली होती. १९२६ साली रुग्णालय सुरू झाले ते गिरणगावाच्या मध्यभागी. अभ्यासाचा विषय संशोधकांच्या दाराशीच होता. डॉ. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या सूतगिरणी कामगारांचा एकदाच तपासून अहवाल लिहिला नाही. पाच वर्षे त्यांचा पाठपुरावा केला. बिसिनोसिस आणि इतर कारणांनी होणारा दीर्घकालीन श्वासरोध हे वेगळे कसे ओळखावेत, हा त्यांचा प्रश्न होता. हा अभ्यास १९८१ साली अमेरिकेतील श्वसनरोगविषयक एका मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पाच वर्षे पाठपुरावा करण्याचे महत्त्व वर सांगितलेल्या अडचणीवरून ध्यानात येईल. एका दिवसाच्या तपासणीत फक्त फुप्फुसाची अवस्था कळते. वर्षानुवर्षांच्या तपासणीत तिच्या घसरणीचा वेग कळतो. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये विषारी वायूची गळती झाली, तेव्हा वायुबाधितांच्या फुप्फुसांचा अभ्यास करणाऱ्यांत के. ई. एम.चे हेच पथक होते. कामगारांच्या छातीवर घासून तयार झालेली नजर तेथे कामी आली.

आता मी त्या प्रश्नाकडे येतो ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. आजार खात्यावर अवलंबून आहे, हे संशोधकांनी सिद्ध केले. पण कोणता माणूस कोणत्या खात्यात जाईल हे कशावर अवलंबून होते? वैद्यकीय तक्त्यात वय असते, नोकरीची वर्षे असतात, बिडी-सिगारेट असते, खाते असते. गिरणगावाच्या इतिहासात मात्र ‘खाते’ या शब्दामागे जात उभी आहे.

विणाईचे खाते हे गिरणीतील चांगल्या पगाराचे खाते होते. तेथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण असे सांगितले जाई की धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या भोकातून बाहेर काढण्यासाठी विणकर धोट्याला तोंड लावून ते ओढून घेतो. आज एकाने ओठ लावलेला धोटा उद्या दुसऱ्याच्या हाती येतो. तेव्हा महाराच्या ओठांचा धोटा आपण कसा लावावा? एवढ्या एका कारणाने आपल्या आजोबा-पणजोबांना साचाखात्याचे दार बंद राहिले. जॉबर भरती करीत असे, आणि जॉबर आपल्या जातीची, आपल्या गावची माणसे भरीत असे; त्यामुळे बंद दार बंदच राही. आपल्या लोकांना वाट मोकळी होती ती मुख्यतः सूतकताईच्या बाजूची खाती आणि झाडलोट यांची. म्हणजे पगार कमी आणि धूळ अधिक.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या बी. आय. टी. चाळीत राहत होते. हे खाते त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते. १९२८ च्या एप्रिलमध्ये मुंबईतील गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुरू झाला आणि तो सुमारे सहा महिने चालला. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे सरळ मागणी ठेवली : अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क आहे हे मान्य करा, नाहीतर आम्ही आमच्या लोकांना संपात राहू नका असे सांगू. पुढाऱ्यांनी नाखुशीने का होईना, ही मागणी मालकांपुढे ठेवण्याचे मान्य केले. मालकांनी मात्र हात झटकले. हा अन्याय असला तरी तो आमचा नव्हे, असा त्यांचा सूर होता. १९३६ मधील ‘जातिनिर्मूलन’ या निबंधात बाबासाहेबांनी श्रमिकांच्या विभागणीचा जो विचार मांडला, त्यामागे हा परळचा अनुभव होता असे मी वर्गात सांगत आलो आहे.

हा सगळा प्रसंग आजवर आपण वेतनाचा आणि मानसन्मानाचा प्रश्न म्हणून वाचला. तो तसा आहेच. परंतु बिसिनोसिसचे संशोधन हाती घेऊन तो पुन्हा वाचला की त्यात तिसरी गोष्ट दिसते. साचाखात्याचे दार बंद करणे म्हणजे माणसाला कमी पगारावर ठेवणे एवढेच नव्हते. ते त्याला अधिक धुळीत ठेवणे होते. बाबासाहेबांनी मागितलेल्या हक्कात, त्या काळी कोणाच्या ध्यानी आले असो वा नसो, श्वास घेण्याचा हक्कही होता.

आणि ज्या धोट्याच्या पावित्र्यासाठी हे झाले त्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. इंग्लंड-अमेरिकेतील गिरण्यांत याच रीतीला धोट्याचे चुंबन म्हणत. तेथील आरोग्याधिकाऱ्यांनी तिला घातक ठरविले, कारण एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जातो, त्यातून रोग पसरू शकतो आणि सुताबरोबर धूळही सरळ घशात ओढली जाते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये कायद्याने असे धोटे बंद केले. म्हणजे वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने जी रीत कोणासाठीच योग्य नव्हती, तीच आपल्याकडे शुद्धतेची कसोटी होऊन बसली. हाताने सूत ओवता येणारे धोटे आणले असते तर रोगही टळला असता आणि सबबही उरली नसती.

अमेरिकेतही धुळीचा प्रश्न सहज सुटला नाही. कॅरोलायना राज्यांतील सूतगिरणी कामगारांनी संघटना बांधून लढा दिला, तेव्हा कोठे १९७८ साली सरकारने गिरणीच्या हवेतील धुळीची मर्यादा ठरविली : सूतकताईच्या खात्यांत दर घनमीटर हवेत २०० मायक्रोग्रॅम आणि विणाईत ७५०. दोन खात्यांच्या मर्यादा वेगळ्या का? कारण सुरुवातीच्या खात्यांतील धूळ तितकीच असली तरी अधिक विषारी असते. वजन सारखे, इजा वेगळी. गिरणीमालक खर्चाची तक्रार घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८१ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की कामगाराचे आरोग्य राखण्याचा नियम करताना खर्च आणि फायदा यांचा तराजू मांडण्याची सक्ती कायद्यात नाही.

त्याच वर्षी डॉ. कामत यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यानंतर काही महिन्यांतच, १८ जानेवारी १९८२ रोजी, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढे काय झाले ते सांगण्याची आवश्यकता नाही. मुंबईत बिसिनोसिस आहे हे शास्त्राने नोंदविले आणि पाठोपाठ बिसिनोसिस झालेला माणूसच हजेरीपटावरून नाहीसा होऊ लागला. १९९५ साली डॉ. व्ही. मुरलीधर, विजय कान्हेरे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतील एका गिरणीतील बिसिनोसिसचा अभ्यास ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’मध्ये प्रसिद्ध केला. डॉक्टरांनी आणि कामगार चळवळीतील कार्यकर्त्यांनी मिळून केलेले हे काम होते. वैद्यकीय तपासणी आणि भरपाईचा हक्क यांची सांगड घालणे हे त्यामागचे सूत्र. अशी सांगड नसेल तर निदान कामगाराच्या फारसे उपयोगाचे नसते.

हक्क कागदावर तर केव्हाच होता. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये, औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे सोपविण्यात आले. त्यांच्या अहवालाच्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपल्या बोलण्यातील ईएसआय, उभा राहिला. या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत पुढे बिसिनोसिसलाही व्यवसायजन्य आजार म्हणून स्थान मिळाले. बोट तुटणे आणि श्वास तुटणे या दोन्ही इजा कायद्याने एका पंगतीला बसविल्या. पंगतीत पान मांडले गेले, पण वाढायला फार थोड्यांना बोलावले गेले, कारण डॉक्टरने खाते विचारले नाही आणि कामगाराला सांगायचे असते हे ठाऊक नव्हते.

जे गिरणीतून बाहेर पडले त्यांच्या फुप्फुसांचे पुढे काय झाले, याविषयीची सर्वांत मोलाची माहिती चीनमधून येते. शांघायमध्ये १९८१ पासून हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या सहभागाने ४४७ सूतगिरणी कामगारांचा आणि तुलनेसाठी ४७२ रेशीम कामगारांचा अनेक दशके पाठपुरावा झाला. रेशीम कामगार निवडले, कारण काम जवळपास सारखे पण कापसाची ती धूळ नाही. सूतगिरणी कामगारांची श्वसनक्षमता रेशीम कामगारांपेक्षा वेगाने घटत गेली. मात्र काम सोडल्यावर घसरणीचा वेग मंदावला आणि काहींमध्ये काही अंशी सुधारणाही दिसली. धूम्रपान सोडलेल्यांत ती अधिक होती. गेलेले सर्व परत येत नाही; पण आता काय उपयोग, म्हणून वृद्ध कामगाराला तपासणीविना घरी बसवू नये, इतका आधार या संशोधनात निश्चित आहे.

मुंबईच्या गिरण्या गेल्या म्हणून धूळ गेली असे नाही. माग भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे गेले; सूतगिरण्या राज्यभर पसरल्या; विदर्भात जिनिंगच्या मोसमात सरकी काढण्याचे काम चालते. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींच्या घरची माणसे आज तेथे कामाला आहेत. पुष्कळ ठिकाणी कायम नोकरी नाही, ईएसआय नाही आणि हजेरीपटही धड नाही. म्हणजे निदानाला लागणारा इतिहास लिहिलाच जात नाही.

मुंबईतील जुन्या कामगारांच्या घरी मात्र एक गोष्ट उरलेली असते. म्हाडाच्या सोडतीत गिरणी कामगारांसाठी घरे निघाली, तेव्हापासून गिरणीचा पास, ईएसआय कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी, हिशेबाचा कागद हे सारे पत्र्याच्या पेटीतून बाहेर येऊन प्लास्टिकच्या फायलीत गेले. घरासाठी जपलेले हे कागद छातीसाठीही उपयोगी आहेत. घरात धाप लागणारे वडीलधारे असतील तर त्यांना श्वसनक्षमतेच्या चाचणीसाठी नेताना फाइल बरोबर घ्यावी. तत्पूर्वी त्यांच्याजवळ बसून एका कागदावर लिहून काढावे : गिरणीचे नाव, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, बदली किती वर्षे आणि कायम किती, कोणते खाते, मध्ये खाते बदलले का, सुटीनंतर कामावर गेल्यावर छाती कशी होत असे, तंबाखू-बिडी किती. डॉक्टरांनी बिडीबद्दल विचारले तर खरे सांगावे. खात्याबद्दल विचारले नाही तर आपणहून सांगावे, आणि ते केसपेपरवर लिहिले गेले की नाही हे खोलीबाहेर पडण्यापूर्वी पाहून घ्यावे.